मधला स्पीकर कडेला बसून ऐका

सिनेमात गोळीबार सुरू झाला की घरातलं कुणीतरी रिमोट शोधून आवाज कमी करतं. दोन मिनिटांनी पडद्यावरची माणसं बोलायला लागली की तोच आवाज पुन्हा वाढवावा लागतो. तेवढ्यात मागून कुणीतरी अस्सल लातुरी सुरात विचारतंच, "काय म्हणलालाय त्यो? कळंना गेलंय." होम थिएटर असलेल्या घरांत ही तक्रार इतकी सर्रास असते की लोकांनी तिचं खापर सिनेमावाल्यांवर फोडून विषय सोडून दिलाय. थोडा दोष त्यांचा असतोही. पण बराचसा दोष टीव्हीखाली आडव्या ठेवलेल्या त्या मधल्या स्पीकरच्या डब्याचा, त्याच्या जागेचा आणि तो विकत घेताना आपण कुठं बसून ऐकलं याचा असतो.

आधी ५.१ म्हणजे काय ते पाहू. टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक स्पीकर, मध्ये सेंटर, आणि बसणाऱ्यांच्या कडेला किंवा किंचित मागे दोन सराउंड. हे झाले पाच. पुढचा १ म्हणजे सबवूफरसाठी राखलेला खालच्या सुरांचा पट्टा. सिनेमाचं ध्वनिमिश्रण करणारे लोक संवाद जवळजवळ सगळे सेंटरमध्येच टाकतात. पार्श्वसंगीत डाव्या-उजव्यात पसरतं, पाऊस आणि गर्दी सराउंडमध्ये जाते, माणूस मात्र मधून बोलतो. मागचे दोन्ही सराउंड बंद पडले तरी सिनेमा कळतो. सेंटर बंद पडला तर पडद्यावर नुसते ओठ हलतात. तरीही दुकानात डाव्या-उजव्यासाठीच्या उंच टॉवर स्पीकरची जोडी डोळ्यांत भरते, पैसे तिथं जातात, आणि शेवटी "सेंटर काय, कोणताही द्या" म्हणून व्यवहार उरकतो. हा क्रम उलटा हवा. हात आखडता घ्यायचाच असेल तर सराउंडच्या बाबतीत घ्यावा, किंवा ते वर्षभरानं घ्यावेत.

सेंटर लागतोच कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच आवाज सोडला आणि तुम्ही बरोबर मधोमध बसलात, तर बोलणारा माणूस टीव्हीतूनच बोलतोय असं वाटतं. तिथं स्पीकर नसतो, मेंदू तो कल्पून घेतो. पण तुम्ही डावीकडं दोन हात सरकलात की डाव्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि आधी आलेला आवाज ज्या दिशेचा, त्या दिशेलाच माणूस उभा आहे असं कान ठरवून टाकतो. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. थोडक्यात, सगळे संवाद डाव्या टॉवरमध्ये जाऊन बसतात आणि चेहरा टीव्हीत राहतो.

याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात आधी आणि उजव्या कानात डोक्याला वळसा घालून जरा उशिरा पोचतो. उजव्याचंही तेच. म्हणजे प्रत्येक कानाला एकच शब्द दोनदा मिळतो, साधारण पाव मिलिसेकंदाच्या अंतरानं. तेवढ्या अंतरानं २,००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा आपसात कापला जातो, आणि व्यंजनं ओळखायला नेमका तोच पट्टा कामाचा असतो. खरा सेंटर असला की हा प्रकारच होत नाही, कारण आवाज एकाच जागेहून येतो.

एकटा माणूस, मधोमध एकच खुर्ची आणि दोन चांगले स्पीकर असतील तर मी सेंटर घ्या असं म्हणणार नाही. रिसिव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्रात, 'सेंटर नाही' असं सांगून टाकलं की तो संवाद डाव्या-उजव्यात वाटून देतो आणि छान ऐकू येतं. पण आपल्याकडं असं घर कितीसं? सोफ्यावर तिघं, दिवाणावर आजी, खाली सतरंजीवर पोरं आणि दाराजवळच्या खुर्चीत चहा घेऊन 'आलोच' म्हणत उभा-बसलेला शेजारी. मधोमध बसणारा एक, बाकीचे सगळे कडेचे. म्हणून मराठवाड्यातल्या भरल्या घरात सेंटरची खरी परीक्षा कडेच्या जागेवर होते.

मधला स्पीकर ही घरगुती टीव्हीसाठी काढलेली टूम नाही, ती बरीच जुनी आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेनं एक प्रयोग केला. फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तिथंच वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या सभागृहात लोक तो ऐकत होते. मध्ये तारा होत्या, आणि वाहिन्या होत्या तीन: डावी, मधली, उजवी. मोठ्या सभागृहात नुसत्या दोन वाहिन्यांनी भागत नाही हे प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेव्हाच उमगलं होतं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला तेव्हा रुंद पडद्यामागंही तीन स्पीकर बसले. थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, त्यामुळं सेंटर सरळ नटाच्या तोंडामागं उभा करता येतो. तिन्ही स्पीकर एकसारखे, उभे, एकाच उंचीवर.

घरी आलं की अडचण होते, कारण टीव्हीला भोकं पाडता येत नाहीत. सेंटर टीव्हीच्या खाली किंवा वर ढकलावा लागतो, तिथं उंची कमी मिळते, म्हणून कंपन्यांनी डबा आडवा केला. ही सोय फर्निचरची आहे, आवाजाची नाही, आणि पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. जाता जाता: काचेच्या जाड टीव्हीच्या काळात सेंटरच्या चुंबकामुळं पडद्यावर रंगांचे डाग पडायचे, म्हणून 'शील्डेड' सेंटर शोधावा लागे. आजच्या सपाट टीव्हीला त्याचं काही सोयरसुतक नाही. जुना विक्रेता अजून त्याचे पैसे सांगत असेल तर हसून सोडून द्या.

आडव्या डब्यात काय होतं

बाजारात मिळणारा बहुसंख्य सेंटर असा असतो: मध्ये वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर, दोन्ही बाजूंना मधले-खालचे सूर वाजवणारे सारखेच दोन वूफर. दिसायला जोडीदार, तोलामोलाचा. ही मांडणी जोसेफ डापोलिटो या अमेरिकी अभियंत्याच्या नावानं ओळखली जाते. तिच्यावरचा त्यांचा निबंध १९८३ चा. पण त्यांनी ती उभी मांडली होती. उभी ठेवली की आवाज वर-खाली कमी पसरतो, छत आणि फरशीवरून कमी उसळतो, आणि डावीकडं-उजवीकडं मोकळा जातो. हाच डबा आडवा केला की वर-खाली मोकळीक मिळते आणि कडेला बसणाऱ्यांच्या वाटणीला काटछाट येते.

कारण सोपं आहे. दोन्ही वूफर एकच आवाज काढतात. तुम्ही समोर बसलात तर दोघांपासून तुमचं अंतर सारखं, दोन्ही आवाज हातात हात घालून येतात. कडेला बसलात तर एक वूफर जवळ, दुसरा लांब. समजा दोन वूफरच्या केंद्रांत ३० सेंटीमीटर अंतर आहे आणि तुम्ही ३० अंश कडेला आहात. दोन्ही आवाजांच्या वाटेत १५ सेंटीमीटरचा फरक पडतो. ज्या सुराच्या लहरीची लांबी याच्या दुप्पट, म्हणजे ३० सेंटीमीटर, त्या सुरात एका वूफरची लाट वर जात असताना दुसऱ्याची खाली येत असते, आणि दोघं एकमेकांना मारतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला ०.३० नं भागलं की येतात जवळपास १,१५० हर्ट्झ. बोलण्याच्या ऐन मधोमध खड्डा. १५ अंशांवर हाच हिशोब केला तर खड्डा २,२०० हर्ट्झच्या आसपास सरकतो, जिथं बऱ्याच डब्यांत वूफर आवरता घेऊन ट्वीटर काम हाती घेत असतो, म्हणून तिथं त्रास कमी. तीन मीटर लांब बसलात तर १५ अंश म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडं ८० सेंटीमीटर. सोफ्यावरच्या दोघांचं भागलं, तिसरा काठावर, दिवाणावरची आजी पूर्ण बाहेर. आणि "नीट ऐकू येत नाही" म्हणून तिच्याच कानांना दोष लागतो.

हे ऐकून बघणं अवघड नाही. लातूरला अंबाजोगाई रोडवरच्या एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही रिसिव्हरचा चाचणी-आवाज फक्त सेंटरमधून लावला. धबधब्यासारखी सलग सळसळ असते ती. मधून सुरुवात करून मी भिंतीच्या दिशेनं हळूहळू सरकत गेलो. पहिल्या दोन पावलांत काही नाही. मग सळसळीतला मधला भाग कुणीतरी चमच्यानं काढून घेतल्यासारखा झाला, आवाज पोकळ आणि जरा नाकातून आल्यासारखा. आणखी पुढं गेलो तर त्याचा पोत पुन्हा बदलला. मित्राच्या वडलांची खुर्ची बरोबर त्या पोकळ पट्ट्यात होती. मग आम्ही तोच डबा तात्पुरता स्टुलावर उभा केला, टीव्ही थोडा झाकला गेला, आणि तेच चालणं पुन्हा केलं. खुर्चीपर्यंत जवळपास काहीच बदललं नाही. वडील म्हणाले, "असाच राहू द्या की." टीव्हीचा कोपरा दिसत नव्हता तरी.

दुकानातही हेच करा. संभाजीनगरला किंवा पुण्याला ऐकायला गेलात, किंवा लातूर-नांदेडचे बरेच लोक जातात तसं हैदराबादला, तरी विक्रेता तुम्हाला मधल्या गुबगुबीत खुर्चीत बसवणार आणि स्फोटांचा डेमो लावणार. स्फोट कोणत्याही स्पीकरमध्ये बरेच वाटतात. खरा स्फोट कसा असतो हे सुदैवानं आपल्याला माहीत नसतं. माणसाचा आवाज मात्र जन्मापासून कानात बसलेला. म्हणून मराठी बातम्या लावायला सांगा, निवेदक बाई आणि निवेदक बुवा दोघांच्याही. बाकीचे स्पीकर बंद. आवाज घरी ठेवता तेवढाच. मग मधल्या खुर्चीतून उठून कडेच्या खुर्चीत जा. आवाजाचा पोत तोच राहिला, फक्त जागा बदलली, तर तो सेंटर घरी न्यायच्या लायकीचा. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल. वाटू द्या.

ऐकायची सोय नसेल आणि ऑनलाइनच घ्यायचा असेल तर मोजमापांचे आलेख बघा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी जे काम केलं, त्याच वाटेनं पुढं स्पीकर चहूबाजूंनी मोजायची पद्धत रूढ झाली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेत तिचं मानकही झालं. अनेक मॉडेलांचे असे आलेख फुकट बघायला मिळतात. त्यातली आडव्या दिशेची वेगवेगळ्या अंशांची रेषा शोधायची. ३० अंशांची रेषा समोरच्या रेषेच्या खाली, पण तिला समांतर चालत असेल तर ठीक. ५०० ते २,००० हर्ट्झच्या दरम्यान ती एकदम खाली कोसळत असेल तर तो डबा कितीही देखणा असो, भरल्या घरासाठी नाही.

मग कोणता घ्यावा

पहिली पसंती माझी अशी: डावा-उजवा जो आहे, तसाच तिसरा, उभा. तुमच्याकडं बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरची जोडी असेल आणि कंपनी सुटा एक विकत असेल तर तो घ्या आणि टीव्हीखाली उभा ठेवा. यासाठी टीव्ही थोडा वर लागतो किंवा स्टँड लागतो, पण आवाज डावीकडून उजवीकडं जाताना शिवण दिसत नाही. मोटार पडद्यावरून गेली तर ती मधल्यामध्ये वेगळीच मोटार होत नाही.

ते जमत नसेल तर आडव्यातही चांगले प्रकार आहेत. एका प्रकारात मधोमध ट्वीटर आणि त्याच्या बरोबर खाली किंवा वर मधले सूर वाजवणारा छोटा मिडरेंज असतो, दोन्ही टोकांना वूफर. बोलण्याचा बराच भाग तो एकटा मिडरेंज सांभाळतो, वूफर फक्त खालचे सूर बघतात. खालच्या सुरांच्या लहरी लांबलचक, तिथं ३० सेंटीमीटरनं काही बिघडत नाही. याला थ्री-वे म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ट्वीटर मिडरेंजच्याच पोटात बसवलेला असतो, त्याला कोएक्सियल म्हणतात. तोही कडेला उत्तम चालतो. तिसरा, जरा स्वस्तातला उपाय म्हणजे अडीच-वे: दोन वूफरपैकी एकाला अलीकडंच थांबवायचं, म्हणजे बोलण्याच्या वरच्या पट्ट्यात भांडायला दुसरा उरतच नाही. पेटीवर हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं; तांत्रिक माहितीत क्रॉसओव्हरचे, म्हणजे कोणत्या सुराला काम एकाकडून दुसऱ्याकडं जातं त्याचे, किती आकडे दिलेत ते बघायचं. एकच आकडा आणि दोन वूफर असतील तर साधा टू-वे, म्हणजे कडेला बसून ऐकल्याशिवाय घेऊ नये असा.

खाली बसणाऱ्यांचं काय? सतरंजीवर बसलेल्याचा कान सोफ्यावरच्यापेक्षा तीस-चाळीस सेंटीमीटर खाली येतो. तीन मीटरवरून हा फरक जेमतेम ६ ते ८ अंशांचा, त्यानं फारसं बिघडत नाही. टीव्हीला नाक लावून बसणाऱ्या पोरांची गोष्ट निराळी, पण त्यांची तक्रारही नसते.

जोडी जुळण्याबद्दल एवढंच: एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले पुढचे तीन घेणं हा सोपा रस्ता, कारण ट्वीटर सारखा असतो. सराउंड वेगळे चालतात. सबवूफर तर कुठलाही.

आकाराच्या बाबतीत मात्र काटकसर अंगाशी येते. सेंटर ८० हर्ट्झपर्यंत सहज उतरायला हवा. सिनेमाच्या घरगुती मांडणीत ८० हर्ट्झ हा सबवूफरकडं काम सोपवायचा रूढ आकडा आहे, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. तीन इंची वूफरचा चिमुकला सेंटर १२० किंवा १५० हर्ट्झलाच दम टाकतो. मग त्याखालचं सगळं ओझं सबवूफरवर येतं, आणि भरदार आवाजाच्या माणसाचा अर्धा गळा टीव्हीत, अर्धा कोपऱ्यातल्या सबवूफरमध्ये अशी गत होते. पाच-साडेपाच इंची वूफर असेल तर हा प्रश्न येत नाही.

वॅटचा बाऊ करू नका. पेटीवरचा 'पीएमपीओ' हा क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा हजारांत असला तरी त्याला काही अर्थ नाही. 'आरएमएस', म्हणजे सलग पेलणारी ताकद बघायची, आणि त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता. ८७ डेसिबल लिहिलेला स्पीकर एक वॅटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. तीन मीटरवर घरात साधं संभाषण ऐकायला तेवढा एक वॅट पुरून उरतो. पण आरोळी किंवा दार आपटल्याचा क्षण २० डेसिबल वर जाऊ शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वीज. म्हणून ८४ च्या स्पीकरपेक्षा ८७ चा बरा: ३ डेसिबलनं लागणारी वीज निम्म्यावर येते. ४ ओहमचा सेंटर घेत असाल तर रिसिव्हर तो पेलतो का, हे त्याच्या पुस्तिकेत आधी बघा. वायर साधी, जाड तांब्याची घ्या. तिच्यावर खर्च करण्यात काही हशील नाही. आपल्याकडच्या विजेचा लहरीपणा बघता तो पैसा चांगल्या स्टॅबिलायझरवर गेलेला बरा.

घर, कूलर आणि सुतार

वेरूळला दहाव्या क्रमांकाचं लेणं आहे, 'सुतार की झोपडी'. आत स्तूपापुढं बसलेले बुद्ध, आणि वर लाकडी फासळ्यांसारखं कोरलेलं कमानदार छत. तिथं कुणी एखादी ओळ सावकाश म्हटली तर ती छतात बराच वेळ राहते, अंगावर काटा येतो. पण त्याच लेण्यात गाइड घाईघाईनं माहिती सांगू लागला की शब्दांवर शब्द चढतात आणि मागच्यांना काही कळत नाही. कठीण पृष्ठभागांच्या खोलीत बोलण्याचं असंच होतं, फक्त छोट्या प्रमाणात. शहाबादी किंवा चकचकीत टाइल्सची फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती, वर स्लॅब, खिडकीला काच. त्यात सेंटरनं सोडलेला प्रत्येक शब्द चार-दोनदा परत येतो.

बोलण्यात स्वर जोरदार असतात आणि व्यंजनं दुबळी. आ, ओ, ए खोलीभर पसरतात. क आणि ख, त आणि थ, स आणि श यांचा फरक सांगणारा फुसकारा क्षणाचा, बारीक आणि वरच्या पट्टीतला. आधीच्या स्वराचा घुमारा त्यावर बसला की 'सात' होतं का 'साथ' हे अंदाजानं ठरवावं लागतं. वय वाढतं तसं हेच वरचे सूर आधी ऐकू यायचे कमी होतात. आजी म्हणते ते खरं असतं: आवाज येतो, शब्द येत नाहीत.

यावर महागडी फोमची पॅनेलं लागत नाहीत. टीव्ही आणि सोफा यांच्या मध्ये जाड सतरंजी किंवा दोन गोधड्या, खिडकीला भरपूर चुण्यांचा जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. फरशीवरून उसळणारा आवाज थांबला तरी खूप फरक पडतो.

मार्च उलटला की कूलर येतो. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कूलर बंद करून सिनेमा बघा असं सांगणारा माणूस या भागातला नव्हे. पण कूलरचा पंखा सगळ्या पट्ट्यांत एकसारखी घरघर करतो आणि व्यंजनं तिच्याखाली गाडली जातात. कूलरच्या तोंडाशी बसणाऱ्याला सगळ्यात कमी कळतं, हेही साहजिक. त्या चार महिन्यांसाठी रिसिव्हरमध्ये फक्त सेंटर २-३ डेसिबल वर घ्यावा. एकूण आवाज वाढवण्यापेक्षा हे बरं, कारण गोळीबार वाढत नाही.

आता सुतार. टीव्ही युनिट करताना मध्ये एक कप्पा सोडतात, सहा-सात इंची, सेट-टॉप बॉक्सच्या हिशोबानं. सेंटर मग त्या कप्प्यात आत सारला जातो. चहूबाजूंनी प्लायवुड, मागून बंद. डबा कप्प्यात घुमतो, पुरुषी आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, आणि समोरच्या कडेवरून आवाज उसळून आणखी गढूळ होतो. सेंटर आधी ठरवा, मग सुताराला माप द्या. कप्पा असेलच तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेच्या बरोबरीनं किंवा बोटभर पुढं यायला हवं, आजूबाजूची मोकळी जागा जाड कापडानं भरावी. मागं भोक असलेला स्पीकर बंद कप्प्यात घालू नये. पुढं भोक असलेला किंवा पूर्ण बंद डबा तिथं चालतो. आणि ट्वीटरचं तोंड कानाकडं हवं, गुडघ्यांकडं नाही. फार खाली ठेवावा लागत असेल तर पुढच्या बाजूनं रबराचे तुकडे घालून नजर वर करावी. टीव्ही भिंतीवर उंच टांगलाय आणि सेंटर त्याच्या वर ठेवायचा असेल तर उलट, मागून उचलून खाली वळवावा.

शेवटचं, मेन्यूतलं

चांगला सेंटर आणूनही संवाद डाव्या-उजव्यातूनच येत असतील तर बहुतेक वेळा टीव्ही दोनच वाहिन्या पाठवत असतो. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असतं. ते 'बिटस्ट्रीम', 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करायचं, आणि टीव्ही ते रिसिव्हर जोडणी एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयमधून असलेली बरी. ओटीटी ॲपमध्ये भाषा निवडतानाही एकाच भाषेचे ५.१ आणि स्टिरिओ असे दोन पर्याय असू शकतात.

रिसिव्हरसोबत छोटा माइक येतो. ऑडिसी, वायपाओ, डिराक अशी त्या मोजणीची नावं. माइक कानाच्या उंचीवर, तिपाईवर ठेवा, सोफ्याच्या गादीवर नाही. मोजणी चालू असताना कूलर, पंखा, मिक्सर बंद. मोजून झालं की त्यानं धरलेलं सेंटरचं अंतर टेपनं ताडून बघा. ३४ सेंटीमीटरची चूक म्हणजे एक मिलिसेकंदाचा फरक. सेंटर 'लार्ज' ठरवला असेल तर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर आणा. रात्री घरचे झोपलेले असताना 'नाइट मोड' लावला की मोठे आवाज दाबले जातात, हळू आवाज वर येतात. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण रात्री अकराला तेच बरं.

एक गोष्ट बघून लोक घाबरतात. जुने कृष्णधवल मराठी सिनेमे मोनो आहेत, म्हणजे डाव्या-उजव्यात अक्षरशः एकच आवाज. रिसिव्हर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'प्रो लॉजिक'वर असला की दोन्हीकडं सारखं असलेलं सगळं तो मध्ये नेऊन ठेवतो, आणि अख्खा सिनेमा, गाणी आणि तबल्यासकट, एकट्या सेंटरमधून वाजतो. बाकीचे चार गप्प असतात, बिघडलेले नसतात. गाणी पसरलेली हवी असतील तर 'ऑल चॅनल स्टिरिओ' लावा.